तळाचा बोल्ट

मस्तगड भागातली ती खोली मला पहिल्या दिवशी मिळाली नाही. कारण एवढंच, की मी कशालाच भीत नाही असं घरमालक मास्तरांना सांगून बसलो.

जालन्याच्या तहसील कचेरीत मी नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. लग्नाला चार महिने झाले होते, बायको घनसावंगीकडे आमच्या गावी होती, आणि खोली मिळाली की तिला घेऊन यायचं या एकाच विचारानं मी गल्ल्या पालथ्या घालत होतो. कुणीतरी मास्तरांचं घर दाखवलं. ओट्यावर एक काटकुळा म्हातारा मोसंबी सोलत बसला होता. एकेक फोड उन्हाकडे धरून आरपार बघायचा आणि मगच तोंडात टाकायचा. नाव, गाव, नोकरी सगळं विचारून झाल्यावर त्यांनी विचारलं, "भीती कशाची वाटते तुम्हाला?"

मला वाटलं, म्हातारा माझं पाणी जोखतोय. छाती काढून म्हणालो, "कशाचीच नाही."

"मंग न्हाई जमायचं," म्हणाले, आणि पुढची फोड उन्हाकडे धरली. "न घाबरणारा माणूस चूल पेटती ठेवून बाहेर जातो. माझं घर लाकडाचं हाये. या तुम्ही."

त्या दिवशी आणखी चार घरं पाहिली. एकही धड नव्हतं. दुसऱ्या दिवशी नाक मुठीत धरून परत त्याच ओट्यासमोर उभा राहिलो. "विंचवाची वाटते," मी म्हणालो. "तहसीलदारांची वाटते. आणि आडात वाकून बघायची."

मास्तर ओट्यावर जरा सरकले. "बसा," म्हणाले. "बायकोला कधी आणून राह्यले?"

हे झालं हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर पाच-सहा वर्षांनी. मास्तर तेव्हा साठी ओलांडलेले, नोकरीतून मोकळे झालेले. निजामी अमदानीत त्यांनी शाळेत गणित शिकवलं. शिकवायचे उर्दूत, मनात हिशेब करायचे मराठीत आणि रागवायचे दोन्हीत. उत्तर बरोबर आलं पण पडताळा केला नाही, तर मुलाला अर्धेच मार्क. लग्न केलं नाही. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, तरुणपणीच विधवा होऊन एका मुलीसह माहेरी आलेली. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची.

इतका भित्रा माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही. टपालानं आलेलं सरकारी पाकीट ते हात लांब करून, तोंड फिरवून फोडायचे. ढग गडगडले की घरातली तांब्या-पितळेची भांडी कॉटखाली ढकलायचे आणि त्यावर गोधडी टाकायचे. जोड्यात पाय घालण्याआधी जोडा दोनदा आपटायचे, एकदा विंचवासाठी आणि एकदा पहिला विंचू पडला नसेल तर त्यासाठी. पण यात त्यांना लाज म्हणून वाटायची नाही. मी एकदा पालीला दचकलो तेव्हा खूश होऊन म्हणाले, "घाबरले का? बराबर. घाबरलेला माणूस दोनदा बघतो."

आणि अशा माणसाकडे जालन्यातली सगळ्यात वेगवान गाडी होती.

विलायती, दोनच सीटची, लांबलचक नाकाची, जमिनीपासून वीतभर उंच. लोक तिला 'रेसची गाडी' म्हणायचे. ती एका जागीरदाराची होती. त्यांच्या मुलाला मास्तरांनी गणितात पास करून दाखवलं होतं, आणि जागीरदारांच्या मते जगात याहून मोठी करामत नव्हती. मुलुखाची उलथापालथ झाली, ते कुटुंब हैदराबादेला निघून गेलं, आणि जाताना गाडीचे कागद मास्तरांच्या नावावर करून दिले. मास्तरांनी तिला मागच्या गोठ्यात म्हशीच्या शेजारी उभी केली. अक्कांनी तिच्यासाठी लुगड्यांची एक भली मोठी वाकळ शिवली. म्हैस मोकळी आणि गाडी वाकळ पांघरून, असा तो संसार होता.

दर रविवारी सकाळी मास्तर धोतरावर काळा कोट चढवायचे, टोपी दोऱ्यानं हनुवटीखाली बांधायचे, डोळ्यांना जागीरदारांचा गॉगल लावायचे आणि अंबडच्या रस्त्यानं सुसाट जायचे. तासाभरानं परत यायचे तेव्हा चेहरा असा, की दहा वर्षांनी लहान झालेत. "मास्तर, एवढ्या वेगाची भीती नाही वाटत?" असं मी एकदा विचारलंच. ते तोंड उघडून हसले. त्यांना तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"तिथं भ्यायला टाईमच कुठं हाये?" म्हणाले. "बाकीचे सहा दिवस हायेत की त्याला."

दुसऱ्या सीटवर मात्र त्यांनी कधी कुणाला बसवलं नाही. आपला जीव आपल्या हातात, दुसऱ्याचा कशाला, असा हिशेब. मला कुणी बसवलं असतं तरी मी बसलो नसतो, ही गोष्ट वेगळी. त्या गाडीजवळून जातानाही मी अंग चोरायचो. एंजिन बंद असलं तरी ती कुरकुरल्यासारखा कसलासा आवाज यायचा. लोखंड थंड होताना होतो तो, असं मास्तरांनी समजावलं, पण माझं समाधान झालं नाही.

गावात ट्रकांचे मिस्त्री होते. मास्तर त्यांना गोठ्याच्या दारातही उभं करायचे नाहीत. गाडीबरोबर इंग्रजी पुस्तक आलं होतं, ते डिक्शनरी घेऊन त्यांनी शब्द न् शब्द वाचलं होतं आणि सगळी कामं स्वतः शिकले होते. त्यातलं त्यांना सगळ्यात मोठं वाटायचं ते मागच्या गोळ्याचं तेल बदलण्याचं. दोन मागच्या चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात. एंजिनचा सगळा जोर त्यातल्या दातेरी चक्रांतून चाकांना मिळतो आणि वळणावर आतलं चाक हळू, बाहेरचं जोरात, हा हिशेबही तोच करतो. मास्तरांना तो हिशेब फार आवडायचा. पण सांगताना शेवटी ते हमखास खडू घेऊन गोठ्याच्या भिंतीवर एक चित्र काढायचे आणि त्यांचा आवाज खाली जायचा.

"यातलं तेल गेलं, तर दाते तापतात. तापले की एकमेकांत धरतात. मंग दोन्ही चाकं एकदम गच्च. तुम्ही साठच्या वेगानं जाऊन राह्यले अन् मागची चाकं गच्च! गाडी मंग तुम्हाला इचारत न्हाई कुठं जायचं."

हे मी निदान चार वेळा ऐकलं, आणि चारही वेळा माझ्या पाठीला घाम फुटला.

वर्षातून दोनदा हा सोहळा व्हायचा. आधी गाडी कुंडलिकेच्या पुलापर्यंत फिरवून आणायची, कारण तेल गरम असलं तरच सगळं बाहेर येतं. मग जॅक लावून ती बाभळीच्या चार ओंडक्यांवर बसवायची. सीटवर पाण्यानं भरलेली वाटी ठेवून गाडी सपाट आहे का बघायचं. मग मास्तर धोतराचा काचा मारून खाली शिरायचे, बाहेर फक्त पाय. आधी वरच्या अंगाचा बोल्ट उघडायचा, तळाचा नंतर. "खालचा आधी उघडला अन् वरचा निघालाच न्हाई, तर नवं तेल घालता कुठून?" तळाचा बोल्ट निघाला की काळं, सडक्या अंड्याच्या वासाचं तेल घमेल्यात पडायचं. मास्तर त्यात पांढरं फडकं बुडवून उन्हाकडे धरायचे आणि लोखंडाचा कण दिसतोय का बघायचे. तळाचा बोल्ट लावून नवं तेल भरायचं ते रंगपंचमीच्या पितळी पिचकारीनं, वरच्या भोकातून बाहेर ओघळेपर्यंत.

माझं काम पाने हातात देण्याचं. पण खरं सांगायचं तर मी सगळा वेळ त्या ओंडक्यांकडे बघत असायचो. एक ओंडका सरकला तर काय, हे माझ्या डोळ्यांसमोरून हलायचं नाही. मी गाडीखाली कधी गेलो नाही. मास्तरांनीही कधी म्हटलं नाही. अक्का स्वयंपाकघराच्या दारात जपमाळ घेऊन बसायच्या. भाऊ गाडीखाली असेपर्यंत त्या चूल पेटवत नसत. "त्याचे पाय हलताना दिसू दे, मंग सैपाक," म्हणायच्या.

त्या वर्षी दिवाळीनंतर अक्कांच्या नातीला शहागडला मुलगा झाला. अक्कांना बारशाला जायचं होतं आणि बस त्यांना सोसत नव्हती. अंबड येईपर्यंत त्या अर्धमेल्या व्हायच्या. मास्तरांनी तीन दिवस मनात हिशेब केला. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाले, "चल. गाडीनं नेतो तुला."

अक्कांच्या हातातला घास हातातच राहिला, असं बायकोनं मला सांगितलं. आनंदानं नव्हे.

एवढा मोठा जिवाचा मामला म्हणून मास्तरांनी तेल त्याच सकाळी बदलायचं ठरवलं. सगळं नेहमीसारखं पार पडलं. तळाचा बोल्ट त्यांनी माझ्यासमोर दात आवळून घट्ट केला, मग पाना काढून परत लावला आणि पुन्हा बघितला. गाडी ओंडक्यांवरून खाली आली. मास्तर न्हाणीत गेले. मी पाने गोळा करायला वाकलो तर गोळ्याखाली जमिनीवर तेलाचा एक थेंब पडलेला दिसला. बघता बघता दुसरा पडला.

आता मला माहीत आहे की ते बाहेरून ओघळलेलं तेल होतं. गोळ्याच्या अंगाला लागलेलं, पुसायचं राहिलेलं. पण तेव्हा मला भिंतीवरचं खडूचं चित्र आठवलं. साठचा वेग, गच्च चाकं, आणि आज दुसऱ्या सीटवर अक्का!

हाक मारायची. पण मास्तरांच्या अंगावर पाणी पडत होतं, आणि 'तुमचा बोल्ट ढिला आहे' असं गणिताच्या मास्तरांना न्हाणीच्या दारातून ओरडून सांगायची माझी हिंमत नव्हती. स्वतः खाली शिरायचं. गाडी आता चाकांवर होती, अंगावर पडायचा प्रश्नच नव्हता. तरी छाती होईना. शेवटी मी गाडीच्या मागे उकिडवा बसलो, गाल तिच्या थंड पत्र्याला लावला आणि तोंड भलतीकडे ठेवून पान्यासह नुसता हात आत घातला. चाचपून बोल्टवर पाना बसवला आणि डब्याचं झाकण लावतात तसा फिरवला. आधी हलेना. मग कर्र करून हलला.

बापरे, म्हणजे ढिलाच होता! मी आणखी एक फेरा दिला. जमीन पुसली. मनात म्हटलं, आज दोन जीव वाचवले. मास्तरांना हे सांगायचं नाही, असंही ठरवलं, म्हातारपणी उगाच मनाला लागेल म्हणून. केवढा तो माझा मोठेपणा!

साडेनवाला गाडी निघाली. अक्का डोक्यावरून पदर घट्ट ओढून, मांडीवर बाळंतविड्याचं गाठोडं घेऊन, दोन्ही हातांनी दार धरून बसल्या होत्या. माझ्या बायकोला म्हणाल्या, "घराकडं बघ ग पोरी. आलो तर सांच्याला येऊ."

"अक्का, असं काय बोलता!" बायको म्हणाली.

मास्तरांनी टोपीचा दोरा हनुवटीखाली घट्ट केला. गॉगलमागचे डोळे दिसत नव्हते. पण त्या दिवशी ते गल्लीतून बैलगाडीच्या चालीनं गेले, कुठेही धूळ न उडवता.

अकराच्या सुमारास कचेरीत आमचा चपराशी शेजारच्या टेबलाचा निसटलेला खण बसवत होता. खाली जायचा कंटाळा म्हणून तो टेबलाच्या बाजूला बसून नुसता हात खाली घालून स्क्रू फिरवत होता. थोड्या वेळानं स्क्रू त्याच्या तळहातात पडला. तो स्वतःशीच हसला.

"उलटं फिरवून राह्यलो जी," मला म्हणाला. "वरून बघतल्यागत खालचा फिरवला की निघतोच तो. दरवेळेस इसरतो."

मी लिहीत होतो. लिहिता लिहिता थांबलो. डावा हात माझ्या टेबलाखाली घातला आणि सकाळी फिरवला तसा फिरवून बघितला. मग मान खाली घालून, खालून बघत फिरवला. पुन्हा एकदा.  मी बोल्ट आवळला नव्हता. मास्तरांनी आवळलेला बोल्ट मी ढिला करून ठेवला होता.

कुणालाही न सांगता मी उठलो. अंबडच्या नाक्यावर सरकीची पोती भरलेला एक ट्रक शहागडकडे निघाला होता, त्यात चढलो. ड्रायव्हर हैदराबादकडचा होता. मी रस्त्याकडे डोळे लावून बसलो. पांढऱ्या मुरमाच्या रस्त्यावर गाव सुटताच पहिला काळा थेंब दिसला. मग शंभर पावलांवर दुसरा. मग पन्नासावर.

"क्या देख रै मुन्शीजी? कुछ गिरा क्या?" ड्रायव्हरनं विचारलं.

"तेल," मी म्हणालो.

"किसका?"

मी खिडकीतून आणखी बाहेर वाकलो. अंबडच्या पुढे थेंब जवळ जवळ यायला लागले. मग हातभर लांबीचा काळा ओघळ, मग आणखी एक. रस्त्यात जेवढी देवळं आली तेवढ्यांना मी हात जोडले, एका दर्ग्यालाही जोडले. आणि मग थेंब थांबले. रस्ता स्वच्छ. क्षणभर मला फार बरं वाटलं. वाटलं, गळायचं बंद झालं. मग कळलं की गळायला आता काही उरलंच नाही. त्यापुढचे तीन-चार मैल मी कसे काढले ते मला सांगता येणार नाही. प्रत्येक वळणावर डोळे मिटायचो, आणि मिटल्यावर जे दिसायचं त्यापायी पुन्हा उघडायचो.

शहागडच्या अलीकडे रस्त्यावर दोन काळे पट्टे दिसले. सरळ जाऊन वेडेवाकडे झालेले. पट्टे संपले तिथं बांध फुटला होता, आणि गाडी गुडघाभर ज्वारीत तोंड जालन्याकडे करून उभी होती. तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते.

मी ट्रक थांबायच्या आत उडी टाकली. पाय हलले. मास्तर सरपटत बाहेर आले, टोपी नाही, तोंड काळं. बांधावर अक्का बसल्या होत्या. त्यांचं उजवं मनगट सुजून टम्म झालं होतं आणि त्यांनी ते पदरात धरलं होतं. जिवंत होते दोघंही. माझ्या तोंडून हुंदका फुटला.

"तुम्ही इकडं कुठं हो?" अक्कांनी विचारलं.

"कचेरीचं काम होतं शहागडला," मी म्हणालो. इतक्या झटकन खोटं माझ्या तोंडी कसं आलं, मला अजून नवल वाटतं.

"देवानंच धाडलं तुम्हाला," अक्का म्हणाल्या.

मास्तरांनी माझं मनगट धरलं. तापलेल्या गोळ्याला लागून त्यांचे हात भाजले होते. "बोल्ट न्हाई," म्हणाले. "खालचा बोल्टच न्हाई. मी आवळला होता ना? तुमच्यासमोर. तुम्ही बघितलं ना आवळताना?"

"बघितलं," मी म्हणालो.

"दोनदा बघितला मी तो. मंग निघाला कसा?"

आता. याच वेळी एक वाक्य बोलायचं होतं. ट्रकचा ड्रायव्हर शेजारी उभा होता, अक्का बघत होत्या, मास्तरांचे डोळे माझ्या तोंडावर होते. खोली जाईल ही भीती नव्हती, पोलिसांचीही नव्हती. त्या डोळ्यांत आत्ता माझ्यासाठी जे होतं ते दुसऱ्या क्षणी राहणार नाही, याची भीती होती. मी खाली ज्वारीकडे बघितलं.

मास्तरांनी माझं मनगट सोडलं. आपल्या दोन्ही पंजांकडे बघितलं, मग अक्कांच्या हाताकडे. "म्हणजे मी आवळलाच न्हाई," सावकाश म्हणाले. "आवळला असं मला वाटलं फक्त."

अक्कांचं मनगट शहागडच्या हाडवैद्यानं बांधलं, पण ते वाकडंच जुळलं. त्यांना पुन्हा भाकरी थापता आली नाही. माझी बायको त्यांच्या भाकरी करायला लागली. गाडी दुरुस्त होऊन आली ती मास्तरांनी गोठ्यात येऊच दिली नाही. एका जिनिंगवाल्यानं ती नेली. रविवारी सकाळी मास्तर कोट न घालता ओट्यावर बसून राहायचे.

पण गाडी गेली याचं मला तितकं काही वाटलं नाही. मास्तरांचा स्वतःवरचा विश्वास गेला, तो माझ्या डोळ्यांसमोर गेला. गल्लीतली दोन-चार मुलं त्यांच्याकडे गणित शिकायला यायची. "चुकीचं शिकवीन," म्हणून त्यांनी ती शिकवणी बंद केली. कडी लावली की मला हाक मारायचे, "कारकून, जरा बघता का? लावली का मी?" मी उठून बघायचो. कडी लावलेली असायची. नेहमीच लावलेली असायची. चूल विझवली का, विचारायचे. विझलेली असायची. पूर्वी दोनदा बघणारा माणूस आता दहादा बघत होता आणि दहाव्यांदाही त्याला पटत नव्हतं. एकदा मला म्हणाले, "डोळ्याला दिसतं ते खरं असतं हे मी कशावरून धरू?" मी खोलीत येऊन दार लावून घेतलं.

बायकोला मी पहिल्याच आठवड्यात सगळं सांगितलं होतं. "आत्ता उठा अन् सांगून या," ती म्हणाली. मी म्हटलं, उद्या. तो उद्या अडीच वर्षं चालला. दरम्यान आमची मुलगी त्याच खोलीत जन्मली. मास्तरांनी तिच्या हातापायाची बोटं मोजली, मग अक्कांना मोजायला लावली, मग मला. त्या पोरीवर दोघांचा फार जीव. ते जितका जीव लावत, तितकं माझं तोंड घट्ट मिटत गेलं. मास्तर उद्या जातील आणि हे आपल्या छातीवर राहील, ही भीती होती. आणि सांगावं लागेल, ही त्याहून मोठी.

मग माझी परभणीकडे बदली झाली. सामान टांग्यात चढलं. बायको मुलीला घेऊन अंगणात थांबली होती. तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी ओट्याकडे वळलो.

"मास्तर," मी म्हणालो, "तो बोल्ट मी फिरवला होता."

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. जमिनीवरचा थेंब, न बघता आत घातलेला हात, उलटा फिरवलेला पाना, चपराशाचा स्क्रू, रस्त्यावरचं तेल. मास्तर एकेक गोष्ट मान हलवत ऐकत होते. ऐकून झाल्यावर विचारलं, "मंग अडीच वर्षं कामून न्हाई सांगितलं?"

"भीती वाटली."

त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, पटलं. अंगातून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. मग ते हसले, फार प्रेमानं.

"चांगला जुळवला हिशेब," म्हणाले. "बिलकुल खरा वाटतो. जाताना म्हाताऱ्याच्या मनाचं ओझं उतरवावं म्हणून इतकं केलं तुम्ही. पण कारकून, तुम्ही त्या गाडीजवळ उभं राह्यला भेत होते. हात घालताल तुम्ही तिच्याखाली? मी बघितलंय तुम्हाला."

"मास्तर, खरं सांगतोय. देवाशपथ."

"असू द्या. माझा हात गेला, डोकं गेलं, ते मला मान्य हाये आता. समजूत नका काढू."

 मी वळलो, बायकोच्या कडेवरच्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "या लेकराची शपथ. मीच फिरवला."

मास्तर ओट्यावरून उठले. इतक्या झटकन त्यांना उठताना मी कधी पाहिलं नव्हतं. चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. "लेकराची?" ते ओरडले. "लेकराची शपथ घेता खोट्यापायी? सुटली म्हणा! आधी सुटली म्हणा!"

"मास्तर, खोटं नाही हो..."

"म्हणा म्हणतो ना!" त्यांनी माझा हात मुलीच्या डोक्यावरून ओढून काढला.  मुलगी घाबरून रडायला लागली. अक्का दारात आल्या, वाकडा हात पोटाशी धरून. त्यांच्याही डोळ्यांत तीच भीती होती. मी हट्टानं उभा राहिलो असतो, तर हा माणूस आजपासून माझ्या पोरीच्या प्रत्येक तापाचं, प्रत्येक खोकल्याचं पत्र येण्याची वाट बघत बसला असता, आणि प्रत्येक वेळी दोष स्वतःकडे घेतला असता.

बायकोनं मान खाली घातली.

"सुटली," मी म्हणालो.

मास्तरांनी श्वास सोडला. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, मग माझ्या पाठीवर ठेवला. "घाबरवलं की मला," म्हणाले. "जा आता. गाडी चुकेल तुमची."